रेतीची पावती

कालपासून डोकं फिरलंय माझं, आणि तेसुद्धा अर्ध्या बादली रेतीपायी.

चवथीला मखराच्या मागे लावायला रंगीत रेतीचं म्युरल करतेय. प्लायवूडवर घोडेमोडणी, म्हणजे कमरेला लाकडी घोडा बांधून करतात तो आमच्याकडचा नाच. चित्र काढायचं, एकेका भागाला फेविकॉल लावून त्या त्या रंगाची रेती पेरायची, सुकलं की फळी उभी करून टकटक करायचं, सुटी रेती खाली पडते, पुढचा रंग. चिकटवणं सोपंच. जीव जातो तो रेती चाळण्यात नि धुण्यात, कारण गाळ राहिला तर पिवळा रंग शेणासारखा दिसतो. तर ती धुतलेली रेती मी गोव्यात पर्वरीच्या आमच्या बिल्डिंगच्या टेरेसवर जुन्या चादरीवर वाळत घातली. टेरेस सगळ्यांची. तीन भागात शेजारच्या काकांची सोलां (आमसुलं) होती, चौथ्यात मी.

काका सरकारी खात्यातून रिटायर झालेत, पण खातं काही त्यांच्यातून रिटायर झालेलं नाही.

"बाय, ही रेंव खंयची?"

"भावाच्या घराची, काका. गिलाव्यातली उरलेली."

"भावाक खंय मेळ्ळी?"

"ट्रकवाल्याने टाकली."

"आनी ट्रकवाल्याक?"

आता ट्रकवाल्याला कुठे मिळाली ते मी काय सांगू? नदीत मिळाली असेल, म्हटलं. काकांनी चष्मा खाली घेतला, खाली वाकून चिमूटभर रेती उचलली, बोटांत चोळली, वास घेतला (वास! रेतीचा!) आणि म्हणाले, "पावती आसा?"

मी हसले. काका हसले नाहीत. नदीतल्या रेतीला परवाना लागतो, कोर्टाचे आदेश आहेत, पेपर वाचत नाहीस काय, असं सगळं सुरू झालं. मधेच, एवढा मिरामारचा समुद्र पडलाय, थंयची कित्याक हाडूंक ना? म्हणजे बिनपरवान्याचं तिथे चालतं वाटतं. मी सांगितलं की त्या रेतीत मीठ असतं, पावसात हवेतलं पाणी ओढून घेतं, ओल धरते आणि फेविकॉल सुटतो. यावर काका बराच वेळ गप्प बसले, मला वाटलं पटलं. मग म्हणाले, "आनी तो तांबडो रंग?"

तांबडा रंग म्हणजे चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची माती, वस्त्रगाळ केलेली. चित्रातल्या नाचणाऱ्याच्या फेट्याला विकतचा रंग मला नकोच होता. मोरजीला मोरजाईच्या देवळात कावीची चित्रं आहेत, चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो खरवडून काढलेली, त्या तांबड्याची सर डबीतल्या रंगाला येत नाही. हे मी उत्साहाने सांगत बसले. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "चिरेखणीची माती? म्हणजे मायनिंग."

इंग्लंडात तिसऱ्या जॉर्ज राजाकडे बेंजामिन झोबेल म्हणून एक माणूस होता, मूळचा जर्मनीतला मिठाईवाला, राजाच्या जेवणाच्या टेबलावर रंगीत रेतीची नक्षी काढायचा, पुढे ती डिंकाने कायमची चिकटवायला लागला. त्याला विंडसरच्या राजवाड्यात कोणी पावती विचारली असेल असं मला वाटत नाही.

बरं, नियम चूक आहेत असं मी म्हणतच नाही. काठ खचतात, बागायती नदीत जातात, सगळं खरं. पण शापोरा, तेरेखोल नद्यांत रात्री रेतीने होड्या भरतात हे वर्षानुवर्षं पेपरात येतंय. ताडपत्री घातलेला ट्रक भोंगा वाजवत गेटसमोरून जातो तेव्हा हेच काका गॅलरीत उभे राहून त्याला रिव्हर्स घ्यायला मदत करतात, "येऊं दे, येऊं दे" करत. तिथे चष्मा खाली येत नाही. कायदा सगळा चादरीवर वाळत घातलेल्याला.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. टेरेसवर बांधकाम साहित्य साठवू नये. खाली सतरा अंगठे. सोलांबद्दल अक्षर नाही, आणि माशा घोंघावतात त्या काय माझ्या रेतीवर?

आता रेती हॉलमध्ये पेपरावर पसरलीय. पंखा लावता येत नाही, नवरा घामाघूम होऊन माझ्याकडे बघतोय, नि पावसाआधीच्या या दमट हवेत ती सुकायचं नाव घेत नाही.

आज सकाळी काका दारात. अर्धवट घोडा बघून गेले, चहा घेतला. जाताना म्हणाले, "आमच्या हॉलाक एक कर गो बाय, गणपतीचें. म्हाका रेंव सांग, हांव हाडटां."

"पावती मिळेल, काका?"

"कसली पावती? म्हजो वळखीचो ट्रकवालो आसा."