लेझरडिस्क प्लेयर म्हणजे थोराड डीव्हीडी प्लेयर नव्हे

जुन्या यंत्रांबद्दलचा एक मजकूर सध्या बराच फिरतोय. त्याचं सार असं: लेझरडिस्क (व्हिडिओ साठवायची जुनी, मोठी तबकडी) म्हणजे मोठ्या आकाराची डीव्हीडीच, तिच्यावरची चित्रं जोडलेला संगणक उलगडून दाखवायचा, पाहिजे ते दृश्य गाठायला टेपसारखं पुढेमागे करत बसावं लागायचं, आणि संगणकाला सांगून हवं ते चित्र हवं तेव्हा बघायची सोय सीडी-रॉममुळे झाली. ऐकायला सगळं पटण्यासारखं आहे, पण यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी डीव्हीडीचं बघू. तबकडी चकचकीत, वाचायला लेझर, म्हणजे आत डिजिटलच असणार, असा सरळ हिशेब दिसतो. पण लेझरडिस्कवरचा व्हिडिओ ॲनालॉग होता. तबकडीवरच्या बारीक खळग्यांची लांबी आणि त्यांच्यातलं अंतर सलग बदलत जायचं आणि त्यातूनच चित्राचा सिग्नल मिळायचा. डिजिटल आवाजाची सोय नंतर आली, तीही फक्त आवाजापुरती.

त्यामुळे संगणकाने उलगडावं असं त्यात काही नव्हतंच. चित्र प्लेयरमधून व्हिडिओ केबलने थेट मॉनिटरवर जायचं. संगणक आणि प्लेयर यांच्यात असायची ती साधी सिरीयल केबल, आणि तिच्यातून जायची मोजकी अक्षरं. पायोनियर कंपनीच्या औद्योगिक प्लेयरला ‘एफआर१२३४५एसई’ एवढं पाठवलं की तो १२,३४५ क्रमांकाची फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एक चित्र, शोधून तिथे थांबायचा आणि पोचल्याची खूण म्हणून ‘आर’ हे अक्षर परत पाठवायचा. पुढे ‘१२९००पीएल’ पाठवलं, की त्या फ्रेमपर्यंत चालवून आपला आपण थांबायचा. ‘?एफ’ विचारलं, तर सध्या कुठली फ्रेम चालू आहे ते सांगायचा. एवढं करायला बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेतला चार ओळींचा प्रोग्रॅम पुरे. ६४ किलोबाइट मेमरीच्या संगणकात यातलं एक रंगीत चित्रही मावलं नसतं, आणि मावायची गरजही नव्हती. मला तर ही कामाची वाटणी फार हुशारीची वाटते.

टेपसारखं पुढेमागे करण्याची गोष्ट तर उलटीच आहे. संगणकाच्या कामासाठीच्या तबकड्या स्थिर वेगाने, म्हणजे सीएव्ही पद्धतीने फिरायच्या. एनटीएससी, म्हणजे अमेरिका-जपानमधल्या टीव्ही पद्धतीत मिनिटाला १,८०० फेरे, सेकंदाला ३०, आणि चित्रंही सेकंदाला ३०. म्हणजे तबकडीचा एक फेरा, एक फ्रेम. एका बाजूवर ५४,००० फ्रेम, प्रत्येकीचा क्रमांक पडद्यावर न दिसणाऱ्या ओळींमध्ये नोंदलेला. चित्र गोठवायचं तर लेझर प्रत्येक फेऱ्यानंतर एक ट्रॅक मागे सरकून तोच फेरा पुन्हा वाचायचा. ही उडी दोन चित्रांमधल्या कोऱ्या वेळात व्हायची, म्हणून पडद्यावर थरथर नाही. आणि तबकडीला काहीच टेकत नसल्यामुळे चित्र तासभर थांबवलं तरी झीज नाही. व्हिडिओ टेप अशी धरून ठेवली तर ती घासली जाते. एक उणीव मात्र होती: गोठवलेल्या फ्रेमला साधारणपणे आवाज नसे.

गैरसमज कुठून आला असावा, तेही कळतं. चित्रपट बहुतेक सीएलव्ही, म्हणजे फिरण्याचा वेग बदलत जाणाऱ्या पद्धतीच्या तबकड्यांवर यायचे. एका बाजूवर अर्ध्याऐवजी एक तास मावायचा, पण ‘एक फेरा, एक फ्रेम’ हा हिशेब तिथे मोडायचा आणि साध्या प्लेयरवर चित्र गोठवता यायचं नाही. ज्याने फक्त चित्रपट पाहिले, त्याला यंत्राची निम्मी करामत दिसलीच नाही.

लांबची फ्रेम शोधायला वेळ लागायचा, हे खरं. त्या वेळात पडदा काळा व्हायचा. १९८३च्या ‘ड्रॅगन्स लेअर’ या आर्केड खेळात ही काळी फट दिसते. पण त्यावर तोडगे होते. ॲस्पेन शहराच्या रस्त्यांवरून पडद्यावर फिरवून आणणाऱ्या एमआयटीच्या ॲस्पेन मूव्ही मॅपमध्ये एकाहून जास्त प्लेयर जोडले होते: एक चित्र दाखवतोय तोवर दुसरा पुढचा रस्ता शोधून तयार. पुढच्या काही प्लेयरमध्ये फ्रेम साठवायची मेमरी आली आणि लेझरचं हेड सरकत असताना आधीचं चित्र पडद्यावर टिकू लागलं.

राहिली सीडी-रॉम. वर सांगितलेला ॲस्पेनचा प्रकल्प १९७०च्या दशकाच्या अखेरचा, म्हणजे सीडी-रॉमच्या आधीचा. ब्रिटनची माहिती तबकडीवर जमवणाऱ्या १९८६च्या बीबीसी डोम्सडे प्रकल्पात फिलिप्सचा व्हीपी४१५ प्लेयर संगणकाची अक्षरं व्हिडिओवर चढवून दाखवायचा, आणि तबकडीच्या एका बाजूवर आवाजाच्या जागेत सुमारे ३०० मेगाबाइट डिजिटल माहितीही भरलेली होती. सुरुवातीची सीडी-रॉम सेकंदाला १५० किलोबाइट वाचायची. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचं पूर्ण रंगातलं, माहिती आक्रसून लहान न केलेलं एक चित्र सुमारे ९०० किलोबाइट होतं, म्हणजे त्या एका चित्राला सहा सेकंद. म्हणून तर १९९१ला संगणकावर व्हिडिओ दाखवणारं ॲपलचं क्विकटाइम आलं तेव्हा सीडीवरचा व्हिडिओ १६० गुणिले १२० ठिपक्यांच्या खिडकीत चालायचा. सीडी-रॉम पुढे जिंकली ती चांगल्या चित्रामुळे नव्हे; ड्राइव्ह संगणकाच्या पोटात बसायचा आणि वेगळा प्लेयर विकत घ्यावा लागत नसे, म्हणून.