डाव्या सीटवरून

दर बुधवारी संध्याकाळी साडेपाचला मी नगरपालिकेच्या पांढऱ्या गाडीत डाव्या सीटवर बसते आणि पुढचा तासभर स्वतःच्या उजव्या पायाला आवरत राहते. माझ्या पायाखाली नुसतं मॅटिंग आहे, ब्रेक नाही, हे डोक्याला कळतं. पायाला कळत नाही. गोल चौक जवळ आला की तो आपोआप दाबला जातो. चालवणारी मुलगी ते बघते आणि हसते.

मुलगी साडेसतरा वर्षांची आहे. घरचे लोक म्यानमारमधल्या कारेन समाजाचे, थायलंडच्या सीमेवरच्या निर्वासित छावणीतून इथे, मेलबर्नच्या पश्चिमेला वेरिबीत आलेले. आमच्या भागात कारेन वस्ती बरीच मोठी आहे. तिची आई भाज्यांच्या मळ्यात पॅकिंगला जाते, तेही दुसऱ्या एका बाईच्या गाडीतून. घरात गाडी नाही आणि लायसन्स तर कोणाकडेच नाही. मला ती 'थरामू' म्हणते, म्हणजे शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. मी आयुष्यभर हिशेबाच्या वह्या तपासल्या. 'बाई' होण्याचा योग पन्नाशीला आला.

ज्यांना घरी शिकवणारं कोणी नाही अशा मुलांच्या शेजारी बसून त्यांना गाडी चालवू देण्याच्या या स्वयंसेवेला इथे 'एल टू पी' म्हणतात. विक्टोरिया राज्यात सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो आणि गाडीवर पिवळी 'एल' पाटी लागते. पण एकविशीच्या आतल्या मुलामुलींना पुढच्या परीक्षेला बसायचं असेल तर १२० तास गाडी चालवल्याची नोंद दाखवावी लागते, त्यातले २० तास रात्रीचे. प्रत्येक वेळी शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा. परीक्षा देणाऱ्याची अठरा वर्षं पूर्ण हवीत. पास झालं की नवशिक्याच्या लायसन्सची लाल 'पी' पाटी, वर्षभराने हिरवी 'पी', आणि ती पुढची तीन वर्षं. त्या सगळ्या काळात दारूचा एक थेंबही पोटात चालत नाही.

१२० तास हे वाचायला सोपं वाटतं. आठवड्याला एक तास धरला तर दोन वर्षांहून अधिक काळ लागतो. शिकवणी लावून करायचं म्हटलं आणि तासाला सत्तर-ऐंशी डॉलर धरले, तर साडेआठ ते साडेनऊ हजार डॉलर. ज्यांच्या घरी दोन गाड्या आणि शनिवार-रविवार मोकळे असलेले आईबाप आहेत त्यांची मुलं हे तास किराणा आणायला जाता-येता भरतात. मळ्यात राबणाऱ्या आईची मुलगी कुठून भरणार? म्हणजे नियम रस्ता सुरक्षित करण्यासाठी केला आणि त्याने गरिबाच्या पोराला बसस्टॉपवरच थांबवलं. 'एल टू पी' हे त्या नियमाला लावलेलं ठिगळ आहे. चांगलं ठिगळ आहे, पण ठिगळच. इथलं काहीही सांगायला लागलं की देशातल्या लोकांना वाटतं आम्ही आरती ओवाळतोय, म्हणून हे आधी सांगून टाकलं.

पुण्यातल्या माझ्या भाच्याला पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण होतायत. मागच्या रविवारी दादाचा फोन आला. "लायसन्सचं बघून ठेवलंय," म्हणाला. "ओळखीचा माणूस आहे. शिकाऊ परवाना तर घरबसल्या ऑनलाइन होतो आता. नंतर एकदा ट्रॅकवर जायचं." मी विचारलं, तो चालवायला कधी शिकणार? दादाला प्रश्नच कळला नाही. "अगं, येतं त्याला. सोसायटीत चालवतो की."

दादाच्या घरात लायसन्स दोन. एक त्याचं. दुसरं वहिनीचं, २००९ सालचं, गोदरेजच्या कपाटात पैठणीच्या खाली ठेवलेलं. त्यावरचा फोटो फार छान आलाय असं ती स्वतः सांगते. त्या लायसन्सवर तिने गाडी फाटकाबाहेर एकदाही काढलेली नाही. भाच्याचं आलं की तीन होतील.

आमच्या घरच्या ग्रुपवर रस्त्यांचा विषय निघाला की तो १९ मे २०२४ च्या पहाटेवर येऊन थांबतो. कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात होती असं पोलिसांचं म्हणणं, आणि जामिनाच्या अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध. महाराष्ट्र पेटला ते बरोबरच होतं. मग मागणी सुरू झाली की कायदा कडक करा, बापाला आत टाका. कायदा आधीच होता. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९९अ कलम आलं. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पंचविशीनंतर त्याला कोण शिकवणार, यावर त्यात एक ओळ नाही.

त्याच महिन्यात दुसरी आवई उठली: एक जूनपासून आरटीओची टेस्टच बंद, खासगी केंद्राचा दाखला पुरे. केंद्रीय मंत्रालयाला खुलासा करावा लागला की नवीन काही नाही. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचा नियम २०२१ चाच आहे. ग्रुपवर दोन दिवस वाद झाला तो टेस्ट कोणी घ्यायची यावर. सरकारी साहेबाने, खासगी केंद्राने, की कॅमेऱ्याने. भोसरीच्या ट्रॅकवर यंत्रं आल्यापासून एजंटांची कशी पंचाईत झाली, याच्या सुरस कथाही आल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की वाद टेस्टचा नाही, तासांचा आहे. नव्या केंद्रांत मोटारीसाठी चार आठवड्यांत २९ तास, पैकी २१ प्रत्यक्ष चालवण्याचे. कोपऱ्यावरच्या मोटार ट्रेनिंग स्कूलला नियमाने २१ दिवस आणि किमान दहा तास चाकावर. आणि स्कूलला न जाता कोणी घरीच शिकला तर त्याला तासांची अटच नाही. शिकाऊ परवान्यानंतर तीस दिवस थांबलं की परीक्षेला मोकळा. दहा तासांत गाडी सुरू करता येते, आठ काढता येतो, चढावर हाफ क्लचवर धरता येते. पावसात, रात्री, समोरच्याचा अप्पर डोळ्यांवर आलेला असताना, डाव्या बाजूने बैलगाडी आणि उजवीकडून उलट्या दिशेने येणारा बुलेटवाला, एवढ्यात काय करायचं हे दहा तासांत येत नाही. परीक्षेत ते विचारतही नाहीत.

१२० च्या आकड्यामागे स्वीडनचा अनुभव आहे. तिथे १९९३ मध्ये सरावाचं वय साडेसतरावरून सोळावर आणलं. ज्या मुलांनी त्याचा फायदा घेतला त्यांचा सराव साधारण एवढ्या तासांवर गेला, आणि एकट्याने चालवायला लागल्यावर त्यांचे अपघात लक्षणीय कमी भरले. शेजारी मोठं माणूस असेपर्यंत शिकाऊ मूल रस्त्यावर सगळ्यात सुरक्षित असतं. ते माणूस उतरलं की पहिले काही महिने सगळ्यात धोक्याचे. म्हणून उतरण्याआधी जितके तास भरतील तितके भरायचे.

हे ऐकून दादा म्हणाला, "तुमच्याकडे रस्ते रिकामे. आमच्याकडे एकशे वीस तास म्हणजे माणूस म्हातारा होईल."

रस्त्यांचं खरं आहे. पण शेजारी बसून शिकण्याची रीत आपल्याला नवी आहे हे मला पटत नाही. आमचं बालपण मिरजेतलं. बाबांच्या दुकानासमोर ट्रक लागायचे आणि प्रत्येक ट्रकवर एक किन्नर असायचा. क्लीनरला तिकडे किन्नरच म्हणतात. पंधरा-सोळा वर्षांचं पोर. काच पुसणं, टायरवर दांडकं मारून हवा बघणं, रिव्हर्स घेताना मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे" ओरडणं. दोन-तीन वर्षं ते डाव्या बाजूला बसून उस्तादाचे हात-पाय बघायचं. मग एखाद्या रात्री रस्ता मोकळा असताना उस्ताद म्हणायचा, धर. घाटात काढून घ्यायचा, सपाटीला पुन्हा द्यायचा. त्या पोराच्या खात्यावर केबिनमधले हजारो तास असायचे. शिव्या, उपाशीपण, कधी मारही. त्याचे गोडवे मी गाणार नाही. बालमजुरीच होती ती. पण तासांच्या हिशेबात तो किन्नर आमच्या दादापेक्षा कितीतरी पुढे होता, आणि सरकारच्या कागदाला त्या तासांची खबरच नव्हती. पुढे तर कागद असल्या पोरांना आठवी पास आहेस का विचारू लागला. मालवाहू लायसन्सची ती अट २०१९ मध्ये निघाली.

उसाच्या हंगामात तर अजूनही दिसतं. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, टेप फुल्ल, आणि वर ज्याला मिसरूड फुटलेलं नाही असा गडी. त्याच्या शेजारी मडगार्डवर मात्र शिकवणारा कोणी नसतो, मित्र असतो.

इथल्या योजनेची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट स्वयंसेवकांची सेवाभावी वृत्ती वगैरे नाही. पैसा कुठून येतो, ती आहे. ट्रान्सपोर्ट ॲक्सिडेंट कमिशन नावाची राज्याची एकच विमा संस्था आहे. गाडीची नोंदणी करताना प्रत्येक मालक तिचा आकार भरतो, आणि रस्त्यावर कोणीही जखमी झालं तर चूक कोणाची हे न विचारता दवाखान्याचा खर्च ती करते. मणका मोडलेल्या एका विशीतल्या मुलाची जन्मभराची शुश्रूषा तिच्याच खिशातून जाते. तेव्हा त्या मुलाला आधीच नीट शिकवणं तिला स्वस्त पडतं. 'एल टू पी'चा पैसा तिचा. गाडी, मुलांची निवड, आमची कागदपत्रं, हे नगरपालिका किंवा स्थानिक संस्था बघते. आपल्याकडे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण कंपन्या डझनावारी. एकीने मिरजेतल्या पोरांना शिकवायला पैसे घातले तर फायदा दुसरीच्या खात्यात जाईल. मग कोण घालणार? परोपकाराला मी नावं ठेवत नाही, पण हिशेबनीस आहे. ज्या गोष्टीमागे कोणाचा तरी रोकडा फायदा उभा असतो ती टिकते, असा माझा अनुभव.

फळंही दिसतात. १९७० मध्ये या एका राज्यात रस्त्यांवर १,०६१ माणसं मेली. त्याच वर्षाअखेर सीटबेल्ट सक्तीचा झाला, जगात पहिल्यांदा. मग दारूची तपासणी, कॅमेरे, आणि नवशिक्यांचे हे नियम. लोकसंख्या दुपटीच्या जवळ गेली आणि मृत्यू तीनशेच्या आत आले. आपल्या देशात २०२२ साली १,६८,४९१.

आता इथल्या भानगडी. नोंदवहीत खोटे तास भरणारे आईबाप इथेही आहेत, आणि त्यात आपले भाऊबंद मागे नाहीत. एका घरच्या गणपतीत आरतीनंतर मोदक खाता खाता एकाने मला अभिमानाने सांगितलं की लेकीचे रात्रीचे वीसच्या वीस तास त्याने एका बैठकीत लिहिले, तीन रंगांची पेनं वापरून. मी मोदक खाली ठेवला असं लिहायला आवडलं असतं. खाल्ला.

आणि मी तरी कोण मोठी लागून गेले? मिरजेचं लायसन्स, बारा वर्षांचा अनुभव म्हणून इथे तोऱ्यात परीक्षेला बसले. भारताचं लायसन्स इथे परीक्षेवाचून बदलून मिळत नाही. 'स्टॉप'च्या पाटीपाशी मी वेग कमी केला, दोन्हीकडे बघितलं, कोणी नव्हतं, निघाले. परीक्षक म्हणाला, गाडी परत न्या. चाकं पूर्ण थांबली नव्हती. तेवढ्यावर नापास. घरी येऊन रडले. ती कारेन मुलगी मात्र स्टॉपच्या रेषेवर थांबते आणि तोंडातल्या तोंडात तीन आकडे मोजते. मी तिला ते शिकवलेलं नाही.

ही योजना जशीच्या तशी उचलून सांगलीत नेता येणार नाही. आपला नवशिका मोटारीत नसतो, दुचाकीवर असतो. देशातल्या रस्त्यांवर मरणाऱ्यांत चव्वेचाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे. स्कूटरला डावी सीट नसते. मागे बसून काय आवरणार? नियमात शिकवणाऱ्याखेरीज कोणाला मागे बसवू नये असं आहे, पण तो मागचा माणूस ब्रेकपर्यंत पोचत नाही. त्यासाठी वेगळंच काही काढावं लागेल: मोकळं पटांगण, रविवारची सकाळ, निवृत्त एसटी ड्रायव्हर. वीस-पंचवीस वर्षं अपघाताशिवाय लाल गाडी चालवलेली माणसं तालुक्या-तालुक्यात पारावर बसून आहेत. त्यांच्याइतके तास कोणाच्या खात्यावर आहेत? पण एखाद्याने शिकवायला घेतलं आणि पोर पडलं, तर गुन्हा कोणावर? इथे गाडीचा विमा काढलेला असतो, आमची पोलिसांकडून तपासणी होते, मुलांसोबत काम करण्याचा परवाना घ्यावा लागतो. तिथे त्या बिचाऱ्या ड्रायव्हरकाकांच्या मागे कोण उभं राहील, हे ठरल्याशिवाय त्यांना पारावरून उठवू नये.

हे सगळं मी दादाला सांगत होते. पाऊण तास झाला असेल. शेवटी म्हटलं, मोटारीचं तरी तुमच्या हातात आहे. रोज ऑफिसला जाताना पोराला चालवू दे, तू शेजारी बस, कॅलेंडरवर मिनिटं लिही. शंभर होऊ देत, पन्नास होऊ देत. दादा गप्प होता.

पलीकडून वहिनीचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता हे मला तेव्हा कळलं.

"अगं, त्याचं होईल. त्याला सतराजण आहेत शिकवायला. माझ्या शेजारी कोण बसणार ते सांग."

दादा म्हणाला, "तू? आता?"