1997 ला शुगरचा आकडा का बदलला, आणि तो मेसेज कुठे चुकतो

सध्या एक मेसेज सगळ्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. म्हणणं असं की 1997 पर्यंत उपाशीपोटी 140 शुगर नॉर्मल होती, मग औषध कंपन्यांनी आकडा 126 वर आणला आणि एका रात्रीत करोडो लोकांना पेशंट करून टाकलं. वय झालं की शुगर वाढतेच, साठीनंतर 200 पण चालते. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी टेस्ट, फसवी आहे. बारीक माणसाला डायबेटिस होत नाही. आणि शेवटी, गोळ्या आजच बंद करा. या शेवटच्या ओळीमुळे लिहायला बसलोय, कारण आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी हे वाचून खरंच गोळ्या सोडल्यात.

आधी 140 चं बघू. आकडा बदलला हे खरंय, पण का बदलला ते मेसेजमध्ये नाहीये. 1979 च्या निकषात दोन आकडे होते, उपाशीपोटी 140 किंवा 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी 200, यातलं काहीही निघालं तरी डायबेटिस. पुढे लक्षात आलं की हे दोन आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत, कित्येकांची दोन तासांची शुगर 200 च्या वर आणि उपाशीपोटीची 130 च्या आसपास, म्हणजे एका टेस्टने डायबेटिस आणि दुसरीने एकदम ठणठणीत. मग इजिप्तमधले लोक, अमेरिकेतले पिमा आदिवासी आणि अमेरिकेचा राष्ट्रीय सर्व्हे अशा तीन ठिकाणचा डेटा बघितला गेला, ज्यात शुगरसोबत डोळ्यांचे पडदेही तपासले होते. पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांचं नुकसान 140 च्या बरंच आधी वाढायला लागतं असं दिसलं, आणि म्हणून 126. म्हणजे जुन्या आकड्यावर ज्यांना 'काही नाही, घरी जा' सांगितलं जात होतं त्यातल्या काहींचे डोळे तेव्हाच खराब होत होते. हे वाचून मला तरी राग कंपन्यांचा नाही, जुन्या आकड्याचा येतो.

हां, प्रीडायबेटिसच्या, म्हणजे डायबेटिसच्या अलीकडच्या पायरीच्या, रेषेवर वाद आहे आणि तो रास्त आहे. 2003 मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ती 110 वरून 100 केली, जागतिक आरोग्य संघटनेने 110 च ठेवली. पण त्यातही औषध खपवायचा डाव म्हणाल तर 2002 ची अमेरिकेतली मोठी ट्रायल बघा, 3234 प्रीडायबेटिसवाले लोक, मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीने डायबेटिस होण्याचं प्रमाण 31 टक्क्यांनी घटलं आणि आहार, चालणं, थोडं वजन कमी करणं याने 58 टक्क्यांनी. चालण्याने गोळीला हरवलं, आणि डॉक्टर आजही पहिला सल्ला तोच देतात.

वयाचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. निदानाचा आकडा तिशीला आणि सत्तरीला एकच आहे. सैल होतं ते उपचाराचं टार्गेट, म्हणजे खूप आजार असलेल्या म्हाताऱ्या माणसाची शुगर जास्त खाली जाऊन चक्कर येऊन पडू नये म्हणून एचबीएवनसी 8 च्या जवळ गेली तरी डॉक्टर चालवून घेतात.

एचबीएवनसी फसवी नाही, तिला मर्यादा आहेत. लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, तेवढ्या काळात हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते ती मोजते. त्यामुळे पेशींचं आयुष्य बदललं की आकडाही हलतो, लोह कमी असलेल्या बाईचा खरा असतो त्यापेक्षा जास्त येऊ शकतो आणि सिकल सेल आजारात कमी, आणि विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकल सेल बराच आढळतो म्हणून तिथे हे लक्षात ठेवलंच पाहिजे. अशा वेळी साधी शुगर बघायची. पण चुका साध्या शुगरमध्येही होतात बरं का, रक्त राखाडी झाकणाच्या, म्हणजे साखर टिकवणारं रसायन असलेल्या ट्यूबमध्ये घेतलं नाही आणि कॅम्पच्या टेबलावर तसंच पडून राहिलं तर पेशी त्यातली साखर खात राहतात, तासाला 5 ते 7 टक्के. सकाळी आठला घेतलेलं रक्त दुपारी लॅबला पोचलं की 130 वाला माणूस नॉर्मल!

आणि बारीक माणसाचं? हे तर आपल्या पुण्यातूनच खोडलं गेलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सेम, 22.3, पण शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे अशी कितीतरी माणसं असतात, काटा बघून ती निर्धास्त राहतात. म्हणून टेप घ्या, पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटरच्या वर किंवा बायकांची 80 च्या वर असेल, सोबत ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 150 च्या पुढे आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) कमी असेल, तर उपाशीपोटी 96 आली म्हणून खूश होऊ नका, जेवणानंतरचीही करा.

राहिला गोळ्यांचा प्रश्न. गोळ्या बंद होऊ शकतात, ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' नावाच्या ट्रायलमध्ये वर्षभरात 46 टक्के लोकांचा डायबेटिस गोळ्यांशिवाय आटोक्यात आला. पण ते लोक निदान होऊन सहा वर्षांच्या आतले होते, काही महिने दिवसाला जेमतेम 850 कॅलरीवर होते, त्यांचं वजन बरंच उतरलं आणि शुगरवर लक्ष ठेवलं जात होतं. काका नेहमीचंच जेवतायत आणि टेस्ट पण करत नाहीयेत. तुमच्या घरात कोणी अशा गोळ्या सोडल्या असतील तर याच आठवड्यात शुगर तपासा आणि तो रिपोर्ट घेऊन त्यांना डॉक्टरकडे न्या.