रिकाम्या चौकटीत शून्य पेरणाऱ्यांनो

परवा रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज आला. ती कृषीची एम.एस्सी. करतेय. हरभऱ्याच्या वाणांची चाचणी आहे आणि गाईडचं फर्मान आहे की विश्लेषण 'आर' या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅममध्येच झालं पाहिजे. "मावशी, आला एकदाचा ग्राफ! हे वाचून केलं." खाली ढकललेला मजकूर: 'आर शिकणाऱ्यांसाठी सात सोनेरी सूत्रं'. शेवटी गुलाबाची फुलं आणि 'गरजूंपर्यंत पोहोचवा'. तिच्या वर्गातल्या सगळ्या गरजूंपर्यंत ते पोहोचलंय, म्हणून हे लिहायला बसले.

पहिलं सूत्र असं: डेटात एनए दिसला की घाबरू नका, त्या जागी शून्य भरा, नाहीतर एनए-ओमिट मारून ओळच उडवा, ग्राफ लगेच येतो.

येतो ना. ग्राफ काय, कशाचाही येतो. पण एनए म्हणजे 'माहीत नाही', आणि शून्य म्हणजे 'मोजलं, काही नव्हतं'. वजनकाटा बंद होता म्हणून पोत्याचं वजन शून्य किलो लिहिणाऱ्या माणसाला आपण दुकानात उभं करणार नाही. इथे मात्र त्याची सूत्रं वाटतोय.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा. आरमध्ये 'एअरक्वालिटी' नावाचा डेटा आयताच बसलेला असतो, नाव टाइप केलं की समोर. न्यूयॉर्कची १९७३ सालची हवा, मे ते सप्टेंबर, १५३ दिवस, १५३ ओळी. त्यात ओझोनच्या रकान्यात ३७ एनए आहेत. उरलेल्या ११६ दिवसांची सरासरी ४२.१ येते. सूत्राप्रमाणे शून्य भरा, ती ३१.९ होते. हवा एका कमांडीत स्वच्छ! गंमत म्हणजे त्या रकान्यातला खरा सगळ्यात लहान आकडा १ आहे. शून्य एकाही दिवशी मोजलेलं नाही, तुम्ही ३७ दिवस घुसडलंत.

आणि महिन्यांचा बार चार्ट काढलात तर बघाच. जूनच्या ३० दिवसांपैकी २१ दिवस ओझोनची नोंदच नाही. जे नऊ दिवस मोजले त्यांची सरासरी २९.४, मेची २३.६, म्हणजे जून मेच्या वर. शून्य भरल्यावर मे १९.८ आणि जून ८.८! जूनचा बार मेच्या निम्म्याहूनही खाली. आता यावर कुणीतरी प्रबंधात परिच्छेद लिहिणार, 'जूनमध्ये प्रदूषणात लक्षणीय घट', आणि कारणंही शोधून काढणार. कारण एवढंच की जूनच्या नोंदीच नाहीत.

ओळ उडवणं शून्यापेक्षा बरं, एवढं मी नाइलाजाने मान्य करते. रेषा बसवणारी एलएम कमांडसुद्धा न सांगता तेच करते. पण ती फक्त मॉडेलमधले रकाने बघते. ओझोन आणि तापमान घेतलंत तर ११६ ओळी वापरते. तुम्ही आधीच सगळ्या टेबलवर एनए-ओमिट फिरवलात तर १११ उरतात; पाच दिवस गेले ते सूर्यप्रकाशाच्या रकान्यापायी, ज्याचा तुमच्या प्रश्नाशी संबंधच नव्हता. आणि त्या १११ मध्ये जून पुन्हा नऊच दिवसांचा. सरासरी काढताना 'एनए-आरएम ट्रू' लिहा, म्हणजे एनए वगळून सरासरी येते, आणि बारखाली किती नोंदी आहेत तो आकडा छापा. जूनखाली ९ दिसला की वाचणारा आपोआप सावध होतो.

दुसरं सूत्र: फॅक्टर (म्हणजे गटांची नावं म्हणून ठेवलेला रकाना) त्रास देतो, सरळ अ‍ॅज-न्यूमेरिक करा, म्हणजे आकड्यांत बदला. खताचे डोस ५, १०, २० असे आहेत, फाइलमधून ते मजकूर म्हणून वाचले गेलेत आणि गटांच्या सरासऱ्या ताडणाऱ्या अ‍ॅनोव्हासाठी तुम्ही तो रकाना फॅक्टर केलाय. मजकुराच्या पातळ्या (म्हणजे गट) आर अक्षरांप्रमाणे लावतो: १०, २०, ५. अ‍ॅज-न्यूमेरिक तुम्हाला डोस देत नाही, पातळीचा क्रमांक देतो. दहाचा झाला १, विसाचा २ आणि पाचाचा ३. सगळ्यात कमी खत ग्राफच्या उजव्या टोकाला! आरच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत ७.१० क्रमांकाचा प्रश्न नेमका हाच आहे आणि उत्तर एका ओळीचं आहे: आधी अ‍ॅज-कॅरॅक्टर, मग अ‍ॅज-न्यूमेरिक. २०२० च्या ४.०.० आवृत्तीपासून आर मजकुराचे आपणहून फॅक्टर करत नाही, म्हणून हा अपघात कमी झाला. कृषीवाले मात्र स्वतःच्या हाताने फॅक्टर करतात, त्यांचा कुठला कमी व्हायला.

लाल अक्षरांकडे दुर्लक्ष करा, हे तिसरं. अर्धं खरं आहे. आर चालवायच्या आरस्टुडिओत पॅकेज, म्हणजे जादा कमांडींचा संच, उघडताना जे लाल रामायण येतं ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. पण 'रूपांतर करताना एनए तयार झाले' अशा अर्थाची वॉर्निंग आली तर थांबा. उत्पन्नाच्या रकान्यात कुणीतरी '१८ कि.' किंवा नुसती आडवी रेघ लिहिलेली असते.

चौथं, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी डेटा फाइल) आधी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की 'स्वच्छ' होते. भाचीचे वाफ्यांचे कोड २-३, ४-१ असे आहेत. एक्सेलने त्यांच्या तारखा केल्या: दोन मार्च, चार जानेवारी. जीवशास्त्रज्ञांनी तर या खोडीला कंटाळून २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली, मार्च१ चं मार्चएफ१ केलं. एक्सेलमध्ये डेटा भरायला माझी ना नाही, मी स्वतः भरते. फक्त कोडचा रकाना आधी टेक्स्ट करून ठेवा आणि सीएसव्ही परत तिथे उघडून सेव्ह करू नका.

पाचवं म्हणजे अटॅच वापरा, टेबलाचं नाव न घेता रकान्याला थेट हाक मारता येते. नका वापरू, दोन टेबलांत एकाच नावाचा रकाना असला की आपण कुणाशी बोलतोय ते कळत नाही. सहावं, जीजीप्लॉट या ग्राफच्या पॅकेजशिवाय ग्राफ नाही. साधी प्लॉट कमांड घरचीच आहे, पहिल्या नजरेला पुरते.

सातवं सूत्र मात्र बरोबर आहे: आधी ग्राफ, मग सरासरी. संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन्सकोम्बने १९७३ मध्ये चार छोटे डेटासंच दिले, चारही ठिकाणी वायची सरासरी ७.५ आणि सहसंबंध ०.८२, पण चित्रं चार तऱ्हांची. तेही आरमध्ये आहेत, 'अ‍ॅन्सकोम्ब' टाइप करा.

भाचीला रात्रीच फोन केला. मूळ फाइल होती, नशीब. तिच्या डेटात तीन रिकाम्या चौकटी होत्या, तिन्हींत तिने शून्य भरलं होतं. एका वाणाचे तीन वाफे, दोन हेक्टरी १८ आणि २० क्विंटलचे, तिसरा शून्य. सरासरी १९ वरून १२.७ वर. चांगला वाण यादीच्या तळाला जाऊन बसला होता. म्हटलं, शेतावरची नोंदवही काढ. त्या वाफ्यापुढे लिहिलं होतं, 'रानडुकरं'. दुसऱ्यापुढे, 'पोतं बदललं, वजन संशयास्पद'. हे दोन्ही एनए. तिसऱ्यापुढे, 'मर रोग, एकही झाड उरलं नाही'. तिथे शून्यच हवं होतं.