हवामान बदललंय, निकष तेवढे सांभाळा

शेतकऱ्याला हवामान बदलाशी जुळवून घ्यायला मदत करायची तुमची इच्छा आहे, हे तुमच्या पत्रात वाचून बरं वाटलं. या कामाला मरण नाही. पाऊस वेळेवर आला तरी काम आहे, नाही आला तर जास्तच आहे. पथ्य एकच पाळायचं: जुळवून घ्यायचं ते शेतकऱ्यानं. आपण, म्हणजे सरकारी यंत्रणेनं, नाही.

सुरुवात सल्ल्यापासून करा. '75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये' हे वाक्य दरवर्षी आयतं मिळतं. सल्ला खराही आहे, त्यामुळे कुणी वाद घालत नाही. आता हे 100 मिलिमीटर एकाच रात्रीत पडले आणि पुढे तीन आठवडे आभाळ कोरडंठाक राहिलं तर काय करायचं, असं एखादा खवचट विचारतो. त्याला 'वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, बघून ठरवा' म्हणावं. 2025 साली मॉन्सून 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला. तेव्हा पुष्कळांच्या पेरणीआधीच्या वखरपाळ्या राहिल्या होत्या, काहींचा उन्हाळी कांदा रानातच होता. तुम्ही अशा वेळी गडबडायचं नाही. सल्ल्याच्या पत्रकात मिलिमीटर असतात, तारीख नसते. ते मेमध्येही चालतं. पुढे दुबार पेरणीची वेळ आलीच, तर 'तुम्ही घाई केलीत' एवढं ऐकवायचं. बियाण्याची दुसरी बॅग दुकानदार उधारीवर देतो, तो त्यांचा आपापसातला प्रश्न.

खरी कसोटी लागते ती पर्जन्यमापकापाशी. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी, आणि मग मदतीचा विचार. मंडळात गावं पुष्कळ असतात, पण मोजणारं यंत्र एका ठिकाणी, जाळीच्या कुंपणात उभं असतं. पावसाला अलीकडे भलतीच खोड लागली आहे. ओढ्याच्या अलीकडे सोयाबीन पाण्याखाली आणि पलीकडे धुरळा, असा तो पडतो. समजा, यंत्राजवळ 62 पडला. शेतकरी चिखल तुडवत येईल, हातात उपटलेलं झाड असेल. शेंग काळी पडलेली, दाबली की पिचकणारी, आतल्या दाण्याला शेंगेतच कोंब फुटलेला. हातात घ्या, नीट न्याहाळा, हळहळा. मग त्याला सांगा की तुझ्या रानात गुडघाभर पाणी आहे हे दिसतंय, पण त्याला अतिवृष्टी म्हणता येत नाही. 3 मिलिमीटर कमी म्हणजे कमी.

एकदम नाही, पण रोज थोडा थोडा पडून मुळं सडली, असं म्हणणाराही भेटेल. त्याचीही सोय आहे. 2023 पासून 'सततचा पाऊस' ही आपत्ती मानली जाते. मात्र सलग पाच दिवस, रोज किमान 10 मिलिमीटर तरी हवा, आणि वर इतर अटी आहेतच. चार दिवस कोसळून पाचव्या दिवशी ऊन पडलं तर तो ढगांचा निष्काळजीपणा.

आता यंत्रणेनं स्वतःत काहीच बदल केला नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी, कृषी सहायकाचा सहायक कृषी अधिकारी. हवामानाच्या तडाख्यात पाट्या बदलणं हे काही लहान काम नाही. पंचनाम्याला तेच तिघं येतात. नुकसान 33 टक्क्यांच्या वर असेल तर कोरडवाहूला हेक्टरी 8,500 रुपये, तेही ठरलेल्या हेक्टरांपुरतेच. 30 टक्के गेलं असेल तर शेतकऱ्याचं अभिनंदन करा, थोडक्यात बचावला म्हणून.

पीक विम्याचं उदाहरण तर प्रशिक्षणात शिकवावं असं आहे. पूर्वी पाणी शिरलं, गारा पडल्या, तर 72 तासांच्या आत कंपनीला कळवावं लागे. वीज गेलेली, मोबाईलला रेंज नाही, आणि माणूस बांधावर हात उंच करून फोटो चढवतोय, अशी दृश्यं सगळीकडे. या मुदतीविरुद्ध फार ओरड झाली. 2025 च्या खरिपात राज्यानं ही कटकटच मिटवली: स्थानिक आपत्तीची भरपाईच योजनेतून काढून टाकली. आता कुणाला 72 तासांत धावावं लागत नाही. शिवाय 1 रुपयात विमा असं जे 2023 पासून चालू होतं, तेही थांबलं. आता भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठरते, म्हणजे मंडळातल्या काही मोजक्या प्लॉटांत काय पिकलं त्यावर. तुमचं रान त्यात नसेल तर शेजाऱ्याच्या नशिबावर भरवसा ठेवा.

त्याच वर्षी सप्टेंबरात सीना नदी परांड्याकडून सोलापूरकडे शेतंच्या शेतं खरवडत गेली. खाली मुरूम उघडा पडला. अशा जमिनीला हेक्टरी 47,000 रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंत काम, असं जाहीर झालं. माती पुन्हा आणून पसरायची, म्हणजे झालं! दावणीची म्हैस गेली असेल तर 37,500, मेंढी गेली तर 4,000. मात्र जनावर पुरात वाहून गेलं असेल, तर ते मेलंच कशावरून, हा मुद्दा डोक्यात असू द्या. तुमच्या जागी कुणीतरी तो काढणारच आहे.

शेततळ्याची शिफारस सढळ हातानं करा. तळं पावसानं भरलं की बोअर उपसून भरलं, ही चौकशी आपली नव्हे. आपल्याला लांबी, रुंदी, खोली आणि प्लास्टिकचा कागद मोजायचा असतो.

शेवटी अहवाल लिहावा लागतो. त्यात शेतीशाळेच्या सह्या, वाटलेल्या किटचे फोटो, महिलांची उपस्थिती हे सगळं भरतंच. अडतो तो 'उपजीविकेचे वैविध्यीकरण' हा रकाना. त्यासाठी पावसाळा संपल्यावर गावात एक चक्कर मारा आणि कोणाची घरं बंद आहेत ते विचारून घ्या. कोणी चाकणला वॉचमन म्हणून लागलेला असतो, कोणी बायकोपोरांसह ऊसतोडीला गेलेला असतो. ही नावं त्या रकान्यात घाला. सही घ्यायला माणूस गावात नसतो, पण या रकान्याला सही लागत नाही.