‘मोठा टँक म्हणजे कमी कटकट’: माशांच्या टँकबद्दलच्या या फिरत्या मजकुराला उत्तर

‘छोटा टँक घेऊन पस्तावू नका, सरळ सहा फुटी घ्या. टँक जितका मोठा तितकी कटकट कमी. फिल्टर चांगला असेल तर पाणी बदलावं लागत नाही. आजकालचे स्लॅब एवढं वजन सहज पेलतात. मासा टँकच्या मापानेच वाढतो. विजेचा खर्च नगण्य. आणि अरोवाना मासा ठेवलात तर घरावरचं संकट तो स्वतःवर घेतो.’

साधारण अशा शब्दांतला मजकूर व्हॉट्सॲपवर आणि रीलखाली सारखा दिसतो. मी बरीच वर्षं मासे पाळतो आणि मोठ्या टँकच्या विरोधात मुळीच नाही. पण हे वाचून लोक उत्साहाने टँक आणतात आणि जीव जातो माशांचा. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

कटकट कमी, हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते पटतं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो साठ लिटरमध्ये पसरला तर काही तासांत घातक ठरू शकतो. सातशे लिटरमध्ये तोच अमोनिया विरळ राहतो. पाण्याचं तापमानही मोठ्या टँकमध्ये हळूहळू बदलतं. थोडक्यात, चूक झाली तर ती सुधारायला वेळ मिळतो. काम मात्र कमी होत नाही. काच मोठी, गाळ जास्त, फिल्टर जड. शिवाय सहा फुटी टँकमध्ये चार इंची मासे ठेवून कोणी थांबत नाही, मोठे मासे आणतात. मग विरळपणाचा तो फायदा तिथेच संपतो.

‘पाणी बदलावं लागत नाही’ हे मात्र सरळ चूक आहे. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. बहुतेक घरगुती टँकमध्ये साखळी तिथेच थांबते. नायट्रेट साठत जातं आणि ते बाहेर काढायचा साधा मार्ग म्हणजे पाणी बदलणं. 6 बाय 2 बाय 2 फुटांच्या टँकमध्ये सुमारे 680 लिटर पाणी मावतं. आठवड्याला पाव भाग बदलायचा म्हटलं तर 170 लिटर. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माशांच्या कल्ल्यांना आणि फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारतं. म्हणजे दर वेळी मापाने अँटी-क्लोरीन घालणं आलं. पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल तर ते बहुधा जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं असतं. अशा पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) सहसा वर असतो, आणि पीएच जितका वर तितका अमोनिया जास्त विषारी. आता मे महिना आठवा. ज्या सोसायटीत दिवसातून एकदा तासभर पाणी येतं, तिथे दर रविवारी 170 लिटर कुठून आणणार? हा प्रश्न टँक घ्यायच्या आधी घरातल्या सगळ्यांसमोर ठेवा. काढलेलं पाणी झाडांना उत्तम चालतं, पण तेवढी झाडं आणि ते पाणी वाहून नेणारे हातही लागतात.

स्लॅबचं गणित लोक करतच नाहीत. 680 किलो पाणी, 12 मिमी काचेचे सव्वाशे किलो, वर स्टँड, वाळू, दगड. एकूण वजन टनाच्या घरात जातं आणि ते जेमतेम 1.1 चौरस मीटर जागेवर बसतं. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानक (आयएस 875, भाग 2) चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो, इतका वापरातला भार धरतं. याचा अर्थ स्लॅब उद्या कोसळेल असा नाही. तो भार अख्ख्या खोलीसाठी धरलेला असतो, गणितात सुरक्षेची जागा ठेवलेली असते आणि टँक बीमवर किंवा बीमला लागून ठेवला तर बराच भार बीम घेतो. पण आपला बीम कुठून जातो, हे दुकानदाराला माहीत नसतं. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने नकाशा पाहून सांगायचं असतं. पुढे झुकलेल्या गॅलरीत सहा फुटी टँक ठेवू नका. जुन्या वाड्यात किंवा चाळीत, लाकडी तुळयांच्या मजल्यावर, तर हा विषयच नको. स्लॅब टिकला तरी किंचित वाकू शकतो. स्टँडची पातळी ढळते आणि ताण येतो तो काचेच्या सिलिकॉनच्या सांध्यांवर. दोन फूट पाणी उभं असताना समोरच्या काचेवर एकूण सुमारे 340 किलोंचा रेटा असतो, आणि तो रात्रंदिवस असतो. सांधा सुटला तर पाणी खालच्यांच्या छतातून उतरेल, म्हणून सोसायटीला आधीच कळवलेलं बरं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर थांबावंच. असा टँक अनेक इमारतींच्या लिफ्टमध्ये मावत नाही आणि घर बदलताना भरलेला हलवता येत नाही.

विजेचं थोडक्यात सांगतो. 40 वॅटचे दोन फिल्टर चोवीस तास आणि 60 वॅटचा दिवा आठ तास धरला तर महिन्याला सत्तरेक युनिट होतात. थंडीत हीटर लावावा लागला तर वेगळे. ज्या घराचा वापर शंभर युनिटच्या आसपास आहे, तिथे हे नगण्य नाही, कारण शंभरानंतरच्या युनिटला महावितरणचा दर चढतो. वीज गेली तर एअर पंप चालेल इतका तरी बॅकअप हवा.

‘मासा टँकच्या मापानेच वाढतो.’ नाही. लहान जागेत, खराब पाण्यात माशाची वाढ खुंटते, मणका वाकतो, आयुष्य घटतं. त्याला जागेशी जुळवून घेणं म्हणत नाहीत. सिल्व्हर अरोवाना बोटाएवढा विकला जातो आणि नीट पोसला तर काही वर्षांत दोन फूट गाठतो. दोन फूट रुंदीच्या टँकमध्ये दोन फुटी मासा वळणार कसा? दुकानात ‘शार्क’ म्हणून मिळणारा पंगॅशियस मीटरभर वाढू शकतो. रेडटेल कॅटफिश त्याहून मोठा. यांना सहा फुटी टँकही अपुरा आहे.

आता अरोवाना घरावरचं संकट स्वतःवर घेतो, ही गोष्ट. माझा खरा राग या वाक्यावर आहे. कोणाच्या श्रद्धेला मला हात लावायचा नाही. टँक घरात कुठल्या दिशेला ठेवायचा, ते ज्याने त्याने ठरवावं. पण नवीन टँकमध्ये फिल्टरमधले ते जिवाणू तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात अमोनिया आणि मग नायट्राइट चढतं. लोक पहिल्या दिवशी टँक भरतात, दुसऱ्या दिवशी अरोवाना सोडतात आणि दोन-तीन आठवड्यांत तो वर येऊन तोंडाने श्वास घेऊ लागतो, मग मरतो. घरात म्हणतात, ‘चला, काहीतरी मोठं संकट होतं, त्याने घेतलं.’ पाणी कोणी तपासत नाही. अमोनिया तपासायचं साधं किटही घरात नसतं. त्याच पाण्यात दुसरा अरोवाना येतो. या समजुतीमुळे माशाचा मृत्यू शुभ ठरतो, आणि तो का मेला हे विचारायची गरजच उरत नाही. माशाला गुदमरताना पाहून कोणाला हायसं वाटावं, हे मला सहन होत नाही.

अरोवानाबद्दल कायद्याचीही एक बाब आहे. आशियाई अरोवाना, ज्याला ‘ड्रॅगन फिश’ म्हणतात, तो साइटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्रजाती बाळगणाऱ्याने त्यांची नोंदणी करायची असते. त्यासाठीचे नियम 2024 मध्ये आले आणि नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर होते. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर मासा घेऊ नका.

मजकुराच्या काही आवृत्त्यांत शेवटी असतं, ‘जमलं नाही तर तलावात सोडून द्या, पुण्य लागेल.’ हे कधीही करू नका. 2023 साली श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार हा मासा सापडला, तो मूळचा उत्तर अमेरिकेतला. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत सकर मासे माजले आहेत आणि तिथल्या मासेपालकांचं नुकसान करत आहेत. सकर मूळचे दक्षिण अमेरिकेतले, काच साफ करतो म्हणून आपण हौसेने आणतो ते. मासा सांभाळणं जमेना तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, नाहीतर दुकानात परत द्या.

हे सगळं जमवून सहा फुटी टँक घ्यायची तयारी असेल तर जरूर घ्या. टँक भरून, जिवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून रोज चिमूटभर खाद्य टाकत, महिना-दीड महिना माशांविना चालवा, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की मगच मासे सोडा. आणि एक मोठा मासा आणण्यापेक्षा लहान माशांचा थवा आणा. माझी पसंती डेनिसन बार्बला, म्हणजे ‘मिस केरला’ला. केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या ओढ्यांतला हा मासा, लाल-काळ्या पट्ट्यांचा, अर्ध्या फुटाच्या आतला. त्याला वाहतं, ऑक्सिजन भरपूर असलेलं पाणी आणि पोहायला लांबी लागते, ती सहा फुटांत मिळते. निसर्गात तो धोक्यात आहे, त्यामुळे वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पाळायला चालतो का, हे आधी वन विभागाकडे विचारा, आणि घेताना हॅचरीत वाढवलेलेच मासे आहेत ना, हे दुकानात विचारून घ्या. दुकानदाराला सांगता आलं नाही तर दुसरं दुकान पाहा.