सॅलडने पोट भरतं, फक्त ते पोटभर करायला हवं

"सॅलड खाल्लं की तासाभरात भूक लागते" हे वाक्य आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींत इतक्यांदा ऐकलंय की आज त्यावर सविस्तर लिहायचंच ठरवलं. लागणारच ना भूक! काकडी, टोमॅटो, बिटाच्या चार चकत्या आणि वरून लिंबू, बस एवढंच ताटलीत असेल तर दुसरं काय होणार, काकडीत 95 टक्क्यांच्या आसपास नुसतं पाणीच असतं. आणि मग रात्री दहा वाजता डबा उघडून शेव-परमल (म्हणजे शेव-कुरमुरे) खायचं आणि नाव ठेवायचं सॅलडला.

माझं म्हणणं साधं आहे. सॅलड हे रात्रीचं मुख्य जेवण करायचं असेल तर त्यात भाज्यांबरोबर धान्य, कडधान्य आणि तेल तिन्ही पाहिजेत. डाएटच्या नावाखाली नेमक्या याच तीन गोष्टी लोक काढून टाकतात, ते मला अजिबात पटत नाही.

आणि यासाठी क्विनोआ, आइसबर्ग, ब्रोकोली काही काही लागत नाही हो. आपण माळव्यात राहतो! छावणीच्या मंडीत डॉलर चण्याचा लिलाव होतो, टपोरे पांढरे चणे, 100 ग्रॅम सुक्या चण्यात 20 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. आणि आपला मालवी गहू, ज्याचे बाफले (उकडून भाजलेल्या बाट्या) आणि लाडू करतो तो, हा ड्युरम गहू, कडक आणि पिवळसर. पास्ता ज्या गव्हाचा करतात तीच जात. इंदूरला गव्हावर संशोधन करणारं सरकारी केंद्र 1951 पासून आहे, पूसा तेजस हे ड्युरमचं वाण तिथलंच. याचा जाडसर दलिया चक्कीवाल्याकडून काढून आणा, त्याचं सॅलड इतकं सुंदर होतं की भात-पोळीची आठवण येत नाही, कारण ड्युरमचा दाणा शिजला तरी चिवट राहतो, गिच्च गोळा होत नाही.

चार जणांना म्हणाल तर दीड वाटी डॉलर चणे रात्री भिजत घालायचे, सकाळी किंवा संध्याकाळी कुकरला मीठ घालून शिजवायचे, बोटांनी दाबला की दबला पाहिजे पण साल निघून लगदा होऊ द्यायचा नाही. एक वाटी दलिया कढईत कोरडाच भाजायचा, खमंग वास सुटेपर्यंत, मग त्यात दोन वाट्या उकळतं पाणी, झाकण, मंद आच. पाणी आटलं की गॅस बंद करून दहा मिनिटं तसाच ठेवा आणि मग लगेच परातीत पसरून गार करा. हे पसरणं टाळू नका, पातेल्यातच राहिला तर स्वतःच्या वाफेने तो चिकट होतो.

आता ड्रेसिंग, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय. बाटलीतल्या ड्रेसिंगमध्ये बरेचदा साखर आणि मीठ भरपूर असतं, मागचं लेबल वाचा एकदा. आपल्याकडे फेसलेली मोहरी आहे की! आमच्या सासूबाई केळ्याच्या कोशिंबिरीत आणि भोपळ्याच्या भरतात घालतात तीच. दोन चमचे मोहरी खलबत्त्यात आधी कोरडी कुटायची, मग थोडं थोडं गार पाणी घालत घोटत राहायचं, रंग फिका होतो, फेस यायला लागतो आणि एकदम झणका नाकात चढतो, डोळ्यात पाणीच येतं. हा झणका मोहरीचा दाणा फुटून पाणी लागल्यावर तयार होतो, म्हणून पाणी गारच हवं आणि लिंबू पाच-दहा मिनिटांनंतरच पिळायचं, आधी पिळलं तर झणका पूर्ण वर येत नाही. मग त्यात तीन चमचे शेंगदाण्याचं तेल, लिंबाचा रस, चिमूटभर गूळ, भरडलेलं जिरं. मोहरीमुळे तेल आणि रस फुटून वेगळे होत नाहीत, दाटसर मिळून येतात आणि प्रत्येक चण्याला चिकटतात. दही आवडत असेल तर घट्ट दही फेटून त्यात हीच मोहरी, ते तर फारच छान लागतं.

तेल बघून घाबरणाऱ्यांसाठी एक सांगते. गाजर, पालक, टोमॅटो यांतले नारिंगी-लाल रंगाचे घटक, त्यातल्या काहींपासून शरीरात व्हिटॅमिन ए बनतं, आणि पालकातलं व्हिटॅमिन के, हे सगळं तेलातुपाबरोबरच अंगी लागतं. बिनतेलाचं गाजर म्हणजे निम्मी मेहनत वाया. चण्यातलं लोह सुद्धा लिंबाच्या व्हिटॅमिन सीमुळे जास्त चांगलं शोषलं जातं, आणि जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला की उलट होतं. आपल्याकडच्या बायकांना हे कोणीतरी ओरडून सांगायला पाहिजे, जेवण झालं की लगेच चहा टाकायची सवय घराघरात आहे.

भाज्या सीझनप्रमाणे. सध्या थंडीत चोइथराम मंडीत लाल गाजरं, मुळा, कोवळा पालक, मटार, सोलाणे, काय काय दिसतं, पिशवी भरून आणावंसं वाटतं. डब्ल्यूएचओ दिवसाला माणशी 400 ग्रॅम भाज्या-फळं म्हणते, आमटीतल्या दोन फोडींनी ते कसं होणार? अशा एका ताटलीत त्यातला मोठा हिस्सा एकाच वेळी जातो. पावसाळ्यात मात्र मी कच्च्या पालेभाज्या बिलकुल घेत नाही, चिखलपाणी आणि किडे, तेव्हा वाफवलेले भुट्ट्याचे दाणे, सिमला मिरची, कोबी. मोड आलेले मूग घालायचे तर तीन-चार मिनिटं वाफवूनच. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही मानवते, म्हणून लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बायका यांना कच्चे मोड देऊच नयेत असं माझं ठाम मत आहे.

मीठ अगदी शेवटी, ताटं मांडल्यावर. आधी घातलं की काकडी-टोमॅटोला पाणी सुटतं आणि दलिया भिजून बसतो. आणि मीठ कमीच, चण्यात आहे, दिवसभराचं मिळून 5 ग्रॅमच्या आत असावं म्हणतात.

घरातल्या मोठ्यांचं काय, दात नाहीत, कच्चं चावत नाही, हा प्रश्न खरा आहे. आमचे सासरे आधी ताटाकडे बघायचेही नाहीत. त्यांच्यासाठी काकडी चोचवून घेते, हातात धरून सुरीने उभे-आडवे घाव घालत वरून पातळ कापत जायचं, खमंग काकडीला करतो तसं. गाजर किसून, चणे थोडे चेचून, आणि वरून हिंग-जिरं-कढीपत्त्याची गरम फोडणी चर्रर्र करून. आता तेच विचारतात, "सूनबाई, आज ते दलियाचं आहे ना?"

वरून काय? इंदूर आहे, शेव तर लोक घालणारच, आणि चिमूटभर लवंगेच्या शेवेला माझी ना नाही. पण खरी मजा भाजलेल्या शेंगदाण्यांत आहे, सालं काढून अर्धे-अर्धे केलेले. 100 ग्रॅम दाण्यांत 25 ग्रॅम प्रोटीन असतं, तर शेवेची मूठ ही बेसन, तेल आणि मीठ. मुलांना भूक जास्त असते, त्यांच्या ताटात पनीरचे तुकडे तव्यावर परतून किंवा उकडलेलं अंडं.

दुसऱ्या दिवशीच्या डब्यालाही हे चालतं, फक्त चणे आणि दलिया गार झाल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवा, ड्रेसिंग छोट्या डबीत वेगळं द्या, दाणे कागदाच्या पुडीत, आणि टोमॅटो कापून न देता अख्खे छोटे द्या. आमच्याकडे ऑफिसमधून डबा रिकामा येतोय आणि आता शेजारच्या वहिनींनीही डॉलर चणे भिजत घातलेत. तुमच्याकडे यात अजून काय घालतात ते खाली लिहा, ग्वाल्हेर-बडोद्याच्या मंडळींनी तर नक्की लिहा.